कार्ड हातात, नाव यादीत नाही

२५ मार्च २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणुकांसंबंधी एक आदेश काढला. त्याच्या सुरुवातीलाच भारताचं नाव येतं. भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख बायोमेट्रिक नोंदींशी जोडू लागलेत, आणि अमेरिका मात्र नागरिकत्वाच्या बाबतीत माणसाच्या नुसत्या शब्दावर भागवते, अशी त्यात खंत आहे. हे वाचून आपल्याकडे बऱ्याच जणांची छाती फुगली. पण वाक्य अर्धंच खरं होतं. मतदार यादीला आधार जोडण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली खरी, पण ती ऐच्छिक आहे. शिवाय आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारचा कायदा स्वतःच सांगतो. आणि मतदान केंद्रावर आपला अंगठा कुठल्या यंत्रावर ताडून पाहिला जात नाही. तिथला कर्मचारी यादीतला फोटो बघतो, आपल्या तोंडाकडे बघतो आणि नाव मोठ्याने वाचतो.

मत देताना ओळखपत्र मागावं का? माझं उत्तर ‘मागावं’ असं आहे. पण ते कुठे मागितलं जातं, आणि कागद नसला तर सिद्ध करण्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर पडतं, यावर त्या ‘मागावं’चा अर्थ पार बदलतो. केंद्राच्या दारात मागितलेलं कार्ड ही एक गोष्ट आणि यादीत नाव राहण्यासाठी मागितलेला नागरिकत्वाचा कागद ही वेगळीच गोष्ट. वाद घालणारे, तिकडचे काय आणि इकडचे काय, दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

आधी तिकडचं बघू. अमेरिकेतल्या वादाची गंमत अशी की दोन्ही बाजूंची भीती, एकीला तोतया मतदाराची आणि दुसरीला मतदान घटण्याची, मोजायला गेलं तर लहान निघते. जस्टिन लेव्हिट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००० ते २०१४ या काळातल्या निवडणुका तपासल्या. शंभर कोटींहून जास्त मतं पडली होती आणि दुसऱ्याच्या नावावर केंद्रात जाऊन मत दिल्याची विश्वास ठेवण्याजोगी प्रकरणं सापडली ३१. यात नवल काही नाही. एका मतासाठी तुरुंगाची हवा खायला कोण जाईल? ज्याला निवडणूक चोरायची असते तो मतदारांच्या रांगेत उभा राहत नाही. इंडियाना राज्याचा फोटो ओळखपत्राचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला, पण असा तोतया मतदार इंडियानात कधी सापडल्याचा पुरावा समोर नाही, हे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं.

निकालानंतर आठवड्याभराने त्या राज्यात पक्षांतर्गत निवडणूक झाली आणि साउथ बेंड शहरातल्या ख्रिस्ती मठातल्या सुमारे डझनभर वृद्ध जोगिणी मत न देता परतल्या. बहुतेक जणींनी ऐंशी-नव्वदी गाठलेली. गाडी चालवणं कधीच सुटलेलं, म्हणून चालू परवाना नाही. परदेशी जायचं नाही, म्हणून पासपोर्ट नाही. त्यांना परत पाठवणारी कर्मचारी त्याच मठातली भगिनी होती. समोर कोण उभं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. कायद्याला मात्र तिची ओळख चालत नव्हती, सरकारी फोटोच हवा होता.

टेक्सासने २०११ मध्ये कायदा केला तेव्हा बंदूक बाळगण्याचा परवाना ओळख म्हणून चालेल असं ठरवलं आणि विद्यापीठाचं ओळखपत्र चालणार नाही असंही. यादी अशी बनली की हेतू विचारायची गरजच उरत नाही. नॉर्थ कॅरोलिनात तर अपील न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्टच म्हटलं की कृष्णवर्णीय मतदार नेमके हेरून नियम बेतले गेले.

म्हणजे ओळखपत्राने मतदान कोसळतं का? तसंही नाही. कान्तोनी आणि पॉन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ ते २०१८ ची देशभरातली आकडेवारी तपासली. कडक कायद्यांमुळे नोंदणी किंवा मतदान घटल्याचं त्यांना दिसलं नाही आणि गैरप्रकार कमी झाल्याचंही दिसलं नाही. हा निष्कर्ष दोन्ही छावण्यांना गैरसोयीचा आहे, म्हणून दोघेही आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. सरासरी सांगते ते एवढंच. मठातल्या जोगिणी सरासरीत दिसत नाहीत.

लोकांचा कौल मात्र स्पष्ट आहे. २०२४ च्या गॅलप पाहणीत ८४ टक्के अमेरिकनांनी फोटो ओळखपत्राला पाठिंबा दिला. बँकेत, विमानतळावर ओळख दाखवतो, मग मत देताना का नको, हा साधा हिशोब आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. २००५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या आयोगानेही ओळखपत्राची शिफारस केली होती. पण तिला एक जोडकलम होतं: ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना सरकारने शोधून काढावं आणि फुकट द्यावं. पुढे राज्यांनी पहिलं अर्धं उत्साहाने उचललं. दुसऱ्या अर्ध्याला पैसा लागतो, माणसं लागतात, ते मागे पडलं.

ब्रिटनने तीच वाट जरा सभ्यपणे धरली. २०२२ च्या कायद्यानंतर मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा इंग्लंडभर फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. ज्येष्ठांचा बस पास चालत होता, तरुणांचं रेल्वे सवलतीचं कार्ड चालत नव्हतं. सुमारे १४ हजार माणसं केंद्रावरून परत गेली ती पुन्हा आलीच नाहीत. आणि जेकब रीस-मॉग या हुजूर पक्षाच्या माजी मंत्र्याने एका परिषदेत जाहीरपणे सांगून टाकलं की ही खेळी आमच्यावरच उलटली, ओळखपत्र नसलेले निघाले म्हातारे, आणि ते तर आम्हालाच मत देणारे! ज्यांच्या कारकिर्दीत कायदा झाला ते बोरिस जॉन्सनही २०२४ मध्ये कार्ड विसरल्यामुळे केंद्रावरून परत पाठवले गेले. नंतर कार्ड घेऊन आले आणि मत देऊन गेले. त्यांच्यासारख्याला परत येणं जमतं.

आता आपलं केंद्र. ज्याने एकदा तरी निवडणुकीची ड्यूटी केली आहे त्याला हे पाठ असतं. दाराजवळ पहिला मतदान अधिकारी, त्याच्यापुढे यादीची खुणेची प्रत. तो अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारतो. मोठ्याने, कारण पलीकडे बसलेल्या पोलिंग एजंटांनी ते ऐकावं आणि आपापल्या प्रतीत खूण करावी. मग तो नावाखाली रेघ मारतो. मतदार स्त्री असेल तर रेघेबरोबर टिकमार्कही, म्हणजे दिवसअखेर स्त्री-पुरुषांचा आकडा काढता येतो. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो आणि १७-अ नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्राचं बटण दाबतो. एवढ्या साखळीत ओळखपत्राचं काम किती? काही सेकंदांचं. आणि तेही एकच कार्ड हवं असा हट्ट नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचा फोटो असलेला कागद, अपंगत्वाचं कार्ड असे डझनभर पर्याय आयोगाने दिले आहेत. कार्डावर नावात वेलांटीची चूक असली तरी परत पाठवायचं नाही, अशी सूचना आहे. दुसऱ्या मतदारसंघाचं जुनं कार्ड असलं तरी चालतं, फक्त नाव या यादीत हवं.

या व्यवस्थेचं बळ कार्डात नाही. ते त्या पुकारण्यात आहे. गावातले परस्परांचे हाडवैरी पक्ष एका बाकावर बसतात, आणि रांगेतला माणूस कोण, कोणाचा, मुंबईहून कधी आला, हे त्यांना कार्डापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो तोतया उभा राहिला, त्याची पारख शेवटी भाऊंना जवळून ओळखणाऱ्या माणसांवरच आली होती. शहरात मात्र हे बळ कमी पडतं. चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये एजंट कोणाला ओळखणार? तिथे फोटो खरोखर उपयोगी पडतो. म्हणून मी ओळखपत्राच्या बाजूचा आहे.

आणि ते आपल्याकडे आलं कसं हेही विसरू नये. १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांनी फोटो ओळखपत्रांचा आदेश काढला आणि राज्यांना बजावलं की १ जानेवारी १९९५ नंतर कार्डांशिवाय निवडणुका होणार नाहीत. सरकारं चिडली, खर्चाची रडगाणी झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. पण त्या धमकीचा रोख बघा. ती मतदाराला नव्हती, सरकारला होती. कार्ड काढण्याची, फोटोवाला गावोगाव पाठवण्याची, छापून हातात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली होती. शेषन यांच्या स्वभावाबद्दल कोणाचं काहीही मत असो, सक्ती कोणावर करायची हे त्यांना नेमकं कळलं होतं.

बोगस मतदानाचा सगळा इलाज कार्डात आहे असं समजणाऱ्यांनी दुबार नावांचा विचार करावा. एका माणसाचं नाव गावी आहे आणि ठाण्यातही आहे. दोन्हीकडे फोटो त्याचाच, कार्ड खरं, तोंडही खरं. कार्ड त्याला दोन्ही ठिकाणी आत घेईल. त्याला अडवते ती शाई, जी १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते. आणि अडवेल ती नीट राखलेली यादी. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांआधी नोव्हेंबर २०२५ मध्ये विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला तो याच दुबार नावांवरून, आणि राज्य निवडणूक आयोगाने मग अशा संशयित नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं. म्हणजे भांडण शेवटी यादीवर येऊन थांबलं. ते तिथेच येतं.

कारण कार्ड असून उपयोग नाही, यादीत नाव लागतं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्या-मुंबईत असंख्य लोक कार्ड घेऊन केंद्रावर गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परतले. आधीच्या निवडणुकीत मत दिलेलं, पत्ता तोच, घरातल्या बाकीच्यांची नावं जागेवर, आणि यांचंच गायब. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. माफीने मत परत मिळत नाही. केंद्राच्या दारात कोणी अडवलं तर निदान आरडाओरडा होतो, चार माणसं जमतात. यादीतून नाव जातं तेव्हा आवाज होत नाही. कळतं ते मतदानाच्या दिवशी सकाळी, जेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हा दोष आजचा नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या बनत होत्या तेव्हा उत्तरेकडच्या अनेक बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली. सेन यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगू लागल्या त्यात या कडकपणाचाही वाटा आहे. पण किंमत मोजली ती त्या बायकांनी. नियम करणाऱ्यांना काही द्यावं लागलं नाही. आजही बीएलओ, म्हणजे यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतो तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या दाराला कुलूप असतं. लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं नाव कापलं जातं आणि सासरी चढलेलं नसतं, किंवा शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं.

बिहारमध्ये २४ जून २०२५ ला विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे यादीची नव्याने तपासणी, जाहीर झालं तेव्हा यादीत ७ कोटी ८९ लाख नावं होती. अर्ज भरायला महिनाभर. २००३ च्या यादीत स्वतःचं नाव सापडलं नाही तर अकरा कागदांपैकी एखादा द्यायचा: जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, जातीचा दाखला वगैरे. त्या अकरांत आधार नव्हतं, रेशन कार्ड नव्हतं, आणि हे दोनदा वाचावं, खुद्द आयोगाने दिलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं. ज्या कार्डाचा बाहेर जगभर दाखला दिला जातो ते घरातच चालेना. १ ऑगस्टला मसुदा यादी आली तेव्हा ६५ लाख नावं कमी झाली होती. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे २२ लाख मृत, ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, ७ लाख दुबार.

यातले पुष्कळ जण खरोखर मेलेले आणि खरोखर गाव सोडून गेलेले असणारच. मेलेल्यांची नावं यादीत राहू देण्यात लोकशाहीचा काही सन्मान नाही, आणि यादी साफ करूच नका असं म्हणणारा माणूस बोगस मतदानाला दार उघडं ठेवतो. माझी हरकत कापण्याला नाही, कापण्याच्या रीतीला आहे. कोणाचं नाव का गेलं याची यादी कारणांसह प्रसिद्ध करा, हे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावं लागलं. आधार बारावा कागद म्हणून घ्या, हेही ८ सप्टेंबरला न्यायालयानेच सांगितलं. त्याआधी १२ ऑगस्टला योगेंद्र यादव यांनी दोन माणसं न्यायालयात उभी केली, मसुदा यादीने मृत ठरवलेली. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावं होती. म्हणजे मसुद्यापेक्षा १८ लाखांनी जास्त. यात अठरा वर्षं पूर्ण झालेले नवे मतदारही धरलेले आहेत, तरी ओरड झाली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने हा प्रयोग आपल्या आधी करून पाहिला आहे. २०१३ पासून तिथे नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायदा रद्द केला, पण त्याआधी सुमारे ३१ हजार अर्ज अडकले होते, आणि अडकलेल्यांतले जवळजवळ सगळे नागरिकच असल्याचं न्यायालयाला आढळलं. एखाद-दुसऱ्या परक्याला अडवायला टाकलेल्या जाळ्यात हजारो आपलेच सापडले. ट्रम्प यांना आता तेच देशभर हवं आहे आणि दाखला मात्र आपला द्यायचा आहे.

आपल्याच कायद्यात याहून शहाणी रीत आहे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनुसार पोलिंग एजंटला रांगेतल्या कोणाही मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो. त्यासाठी त्याने केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरायचे. रक्कम आज हसण्यासारखी आहे, पण पुढचा क्रम बघा. केंद्राध्यक्ष आधी आक्षेप घेणाऱ्याला विचारतो: तुझ्याकडे पुरावा काय? त्याला प्रथमदर्शनी काही दाखवता आलं नाही तर मतदार सरळ मत देतो. दाखवता आलं तरच मतदाराला, तू तूच आहेस हे सांग, असं म्हटलं जातं. आक्षेप उगाच घेतला असेल तर दोन रुपये सरकारजमा. आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते, त्याला हात हलवत परत पाठवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात यादीच्या बाबतीतही हाच न्याय लावला. मुंबई आणि दिल्लीतल्या लोकांना नागरिकत्व सिद्ध करण्याच्या सरसकट नोटिसा गेल्या होत्या. न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे तो नागरिक आहे असं धरून चाला. संशय असेल तर नोटिशीत आधार सांगा, ऐकून घ्या, मग ठरवा.

म्हणून केंद्रावर कार्ड मागण्याला माझी ना नाही, पर्याय डझनभर असतील तोवर. नव्याने नाव नोंदवणाऱ्याकडे वयाचा आणि पत्त्याचा कागद मागण्यालाही नाही. पण वीस वर्षं मत देत आलेल्या बाईकडे तिच्या जन्माचा कागद मागायचा असेल तर तो तिने तलाठ्याच्या, शाळेच्या आणि सेतू केंद्राच्या फेऱ्या मारून का आणावा? जन्माच्या नोंदी सरकारच्या, शाळेची रजिस्टरं सरकारी कपाटात, जुन्या याद्या आयोगाच्याच. शोधण्याचं काम शोधू शकणाऱ्याने करावं. नाव कापायचं असेल तर घरी जाऊन, कारण लिहून, हातात नोटीस देऊन, आणि मतदानाच्या पुष्कळ आधी. महाराष्ट्रात यादीची फेरतपासणी होते तेव्हा पक्षांनी मोर्चाइतकीच मेहनत यावर घ्यावी: प्रत्येक भागात आपला माणूस नेमावा, मसुदा यादी वाचावी, दुबार नावांबरोबर गाळलेल्या नावांचाही हिशोब मागावा. आतापर्यंत ज्याला त्याला फक्त समोरच्याचे मतदार बोगस दिसत आले आहेत.

आणि चूक झाली तर? खोटी माहिती देऊन नाव चढवणाऱ्याला किंवा कापायला लावणाऱ्याला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. त्याच्याच पुढचं कलम ३२ अधिकाऱ्यांसाठी आहे. यादीच्या कामात कर्तव्यात कसूर केली तर किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षं कैद, वर दंड. कलम कडक आहे. पण त्याखाली न्यायालयाला दखल घेता येते ती निवडणूक आयोगाने किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याने स्वतः तक्रार केली किंवा करायला सांगितली तरच. ज्याचं नाव गेलं त्याला ती करता येत नाही.